वाइपआउट : शर्यत म्हणून खेळावा की लढाई म्हणून?

कातळशिल्प (धागाकर्ता)

गेले दोन महिने मी रोज रात्री जेवणानंतर तासभर ‘वाइपआउट ओमेगा कलेक्शन’ खेळतो आहे. या खेळाविषयी माझे जे मत हळूहळू पक्के होत गेले, ते येथील जाणकारांसमोर ठेवून तपासून घ्यावे, म्हणून हा धागा काढत आहे. ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जमिनीला न टेकता तरंगणारी, चाके नसलेली याने वळणावळणाच्या ट्रॅकवरून प्रचंड वेगाने धावतात. ट्रॅकवर जागोजागी चमकत्या पट्ट्या असतात. त्यांतल्या काहींवरून गेले की वेग वाढतो आणि काहींवरून गेले की एखादे अस्त्र हाती येते. मालिकेतला पहिला खेळ १९९५ साली युरोपात प्लेस्टेशनबरोबरच बाजारात आला. ओमेगा कलेक्शन २०१७ चे आहे आणि त्यात ‘वाइपआउट एचडी’, त्याची ‘फ्युरी’ ही पुरवणी आणि ‘वाइपआउट २०४८’ असे तीन खेळ प्लेस्टेशन ४ साठी नव्याने सजवून एकत्र दिले आहेत.

या खेळातली अस्त्रे म्हणजे चांगल्या शर्यतीत घातलेला खोडा आहे, असे म्हणणारे खेळाडू मला वारंवार भेटतात, आणि सुरुवातीला मीही त्यांच्यातलाच होतो. सुंदर लय साधून तीन वळणे काढावीत आणि चौथ्या वळणाच्या तोंडाशी मागून क्षेपणास्त्र येऊन आदळावे, यात कसले कौशल्य, असे मला वाटत असे. माझे मत बदलले ते एका बटणामुळे. २००५ साली पीएसपीवर आलेल्या ‘वाइपआउट प्युअर’पासून हाती आलेले अस्त्र डागण्याऐवजी यानातच जिरवता येते आणि त्याच्या बदल्यात शील्डची, म्हणजे यानाच्या संरक्षक कवचाची, ऊर्जा काही प्रमाणात भरून निघते. भारी अस्त्र जिरवले तर जास्त ऊर्जा मिळते, साधे जिरवले तर कमी.

समजा, शेवटची फेरी चालू आहे, तुम्ही तिसऱ्या क्रमांकावर आहात, शील्ड २० टक्क्यांवर उतरले आहे आणि हाती ‘क्वेक’ आले आहे, म्हणजे ट्रॅकलाच लाटेसारखा उसळवत पुढे धावत जाणारे अस्त्र. ते डागले तर पुढचे दोघे हेलपाटतील आणि पहिला क्रमांक आवाक्यात येईल. पण त्यानंतर भिंतीला दोनदा जोरात घासले, किंवा मागच्याने एकच क्षेपणास्त्र सोडले, की तुमचे यान फुटून शर्यत तिथेच संपेल. ते जिरवले तर शेवटची रेषा गाठण्याची खात्री वाढते, पण पुढचे दोघे निसटतात. हा निर्णय शांतपणे बसून घ्यायचा नसतो. एका हाताने डावा एअरब्रेक, म्हणजे यानाला त्या बाजूला वळवणारा ब्रेक, धरून, नाक सावरत, पुढच्या वळणाची कड शोधता शोधता तो घ्यावा लागतो. माझ्या मते ‘वाइपआउट’चे खरे मर्म या निवडीत आहे. कोणते अस्त्र मिळेल हे नशिबावर असते, हे मान्य; पण मिळालेल्या प्रत्येक अस्त्राचे ऊर्जेत काही ना काही मोल असल्यामुळे त्या नशिबाचे काय करायचे हे खेळाडूच्याच हाती राहते.

यानाची निवडही याच प्रश्नाशी जोडलेली आहे. ‘इकारस’ अतिशय वेगवान, पण त्याचे शील्ड इतके नाजूक की निम्मी अस्त्रे जिरवण्यातच जातात. ‘ट्रायाकिस’ दणकट, म्हणून मार खात खात डागत राहणे त्याला परवडते. अस्त्रे काढून टाकली तर या दोन यानांमधला फरक केवळ वेगाच्या आकड्यापुरता उरेल.

पायवाट

आपले लेखन मनापासून आवडले, तरीही मी नेमका दुसऱ्या बाजूचा आहे, आणि त्याची कारणे या मालिकेच्या पहिल्या दोन खेळांत आहेत.

१९९८ च्या सुमारास आमच्या इमारतीतल्या एका मुलाकडे लॅमिंग्टन रोडवरून आणलेले, चिप बसवलेले प्लेस्टेशन होते, आणि त्यावर आम्ही चार-पाच जण आळीपाळीने पहिला ‘वाइपआउट’ खेळत असू. त्या खेळात भिंतीला स्पर्श झाला की यान जवळजवळ थांबूनच जाई. क्षमा हा प्रकारच नव्हता. आम्हाला आठवडेच्या आठवडे केवळ भिंत न लागू देता ‘अल्टिमा सेव्हन’ या ट्रॅकची एक फेरी पुरी करण्यात गेले, आणि ज्या दिवशी ती पुरी झाली त्या दिवशीचा आनंद मला आजही लख्ख आठवतो. अशा खेळात मागून येणारे अस्त्र म्हणजे परीक्षेच्या पेपरावर कोणी शाई सांडण्यासारखे होते. पहिल्या खेळात यान फुटतही नसे, त्यामुळे अस्त्रांचे काम फक्त थांबवणे आणि खोळंबा करणे एवढेच होते.

१९९६ च्या ‘वाइपआउट २०९७’ने हे बरेच सुधारले, हे मान्य करतो. भिंतीची शिक्षा सौम्य झाली, यानाला फुटण्याइतके शील्ड आले, आणि ट्रॅकच्या कडेने पिट लेन आली. शील्ड कमी झाले असेल तर मुख्य मार्ग सोडून त्या लेनमध्ये शिरायचे, तिथे ऊर्जा भरून घ्यायची आणि गमावलेला वेळ पुढे भरून काढायचा. माझ्या मते आपण ज्या निवडीचे कौतुक करता ती निवड पिट लेनमध्ये अधिक स्वच्छ रूपात होती, कारण ती ट्रॅकवर डोळ्यांना दिसत असे, तिची किंमत वेळेत मोजता येत असे आणि तिच्यात नशिबाचा भाग अजिबात नव्हता. जिरवण्याची सोय आली आणि पिट लेन गेली, याचे मला वाईट वाटते.

विषयाला थोडे सोडून एक सांगतो. ‘२०९७’मधल्या एका ट्रॅकचे नाव ‘सगरमाथा’ असे आहे आणि तो नेपाळमध्ये कल्पिलेला आहे. भविष्यातल्या शर्यतींच्या जगात आपल्या शेजारचे, आपल्या कानाला ओळखीचे नाव दिसले तेव्हा आम्ही सगळे पडद्याकडे बघतच राहिलो होतो. पहिले काही दिवस आम्ही दुसरा ट्रॅक निवडतच नव्हतो.

निळावंती

कातळशिल्प आणि पायवाट, आपण दोघे अस्त्रांविषयी बोलत आहात, पण ज्या प्रकारात अस्त्रेच नाहीत त्या ‘झोन’चा उल्लेख अजून कोणी केलेला नाही, म्हणून लिहीत आहे.

झोनमध्ये तुम्ही एकटे असता. वेग आपोआप वाढत जातो, वेग देण्याचे बटण तुमच्या हाती राहतच नाही. फक्त वळायचे, एअरब्रेक लावायचे आणि शील्ड संपेपर्यंत तग धरायचा. टप्पे पुढे सरकतील तसा ट्रॅकचा आणि आकाशाचा रंग बदलतो. साधारण तिसाव्या टप्प्यापर्यंत मी विचार करून वळत असते; त्याच्या पुढे विचाराला वेळच मिळत नाही, वळण दिसण्याआधी हात हललेला असावा लागतो. एकाच ट्रॅकवर शंभर वेळा धावल्यामुळे जे अंगी मुरते त्याची खरी कसोटी इथे लागते. मला हा खेळ ज्या कारणासाठी आवडतो ते कारण झोनमध्ये सर्वांत निर्भेळ आहे, आणि तिथे लढाईचा लवलेशही नाही.

एक महत्त्वाची सूचना मात्र करते. माझ्या धाकट्या भावाला अपस्माराचा त्रास आहे, म्हणून मी या बाबतीत दक्ष असते. ‘वाइपआउट एचडी’ २००८ मध्ये ठरल्यापेक्षा उशिरा आला, कारण त्यातले झगमगाट प्रकाशसंवेदी अपस्माराच्या चाचणीत उत्तीर्ण झाले नाहीत आणि दृश्ये बदलावी लागली. बदल केले गेले, हे चांगलेच झाले. तरीही झोनमधले वेगाने पालटणारे रंग ज्यांना सोसणार नाहीत अशी माणसे असू शकतात. घरात कोणाला असा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे, आणि मुले खेळत असतील तर खोलीत दिवा लावून, पडद्यापासून दूर बसून खेळावे.

उंबरठा

माझा अनुभव मुख्यतः ‘एफ-झीरो जीएक्स’चा आहे, त्यामुळे थोडक्यात लिहितो. निन्टेन्डोच्या गेमक्यूबवर २००३ मध्ये आलेल्या त्या खेळात ३० याने एकाच वेळी धावतात आणि अस्त्रे मुळीच नाहीत. दुसऱ्याला बाजूने धडक देता येते किंवा गिरकी घेऊन उडवता येते, एवढेच. तरीही कातळशिल्प म्हणतात ती ओढाताण तिथे पूर्णपणे आहे, कारण दुसऱ्या फेरीपासून बूस्ट, म्हणजे वेगाचा झटका, मिळतो तो तुमच्याच ऊर्जेतून. वेग हवा असेल तर स्वतःचे आयुष्य खर्च करायचे आणि ट्रॅकवरील ठरावीक पट्ट्यांवरून जाऊन ते परत मिळवायचे. म्हणजे वेग आणि बचाव यांतली निवड उभी करण्यासाठी अस्त्रे आवश्यकच आहेत, असे मला वाटत नाही.

मर्सीकाठ

मी २०१२ पासून लिव्हरपूलच्या परिसरात राहते आणि या खेळाचा जन्म इथल्याच मर्सी नदीच्या काठी झाला, म्हणून या चर्चेत भाग घेण्याचा मोह आवरला नाही.

‘वाइपआउट’ सिग्नोसिस या लिव्हरपूलच्या कंपनीने केला. ही कंपनी १९८४ मध्ये स्थापन झाली आणि १९९३ मध्ये सोनीने ती विकत घेतली. खेळाची कल्पना नदीपलीकडच्या बर्कनहेडमधल्या एका पबमध्ये कंपनीतल्या निक बर्कोम आणि जिम बॉवर्स यांच्या गप्पांतून पुढे आली. बर्कोम यांनी मुलाखतींत सांगितलेली एक गोष्ट आपल्या चर्चेला फार जवळची आहे : ते ‘सुपर मारिओ कार्ट’ खेळाचा आवाज बंद करून, बाजूला टेक्नो संगीत लावून खेळत होते, आणि संगीताची लय व गाडीची धाव एकमेकांत मिसळल्यावर जो अनुभव आला तो त्यांना स्वतःच्या खेळात हवा होता. म्हणजे अस्त्रे नंतर कोणी वरून चिकटवलेली नाहीत. कासवाची कवचे फेकून मारण्याच्या त्या खेळातून ती वारशाने आलेली आहेत, आणि वेगाची धुंदीही त्याच रात्रीची आहे. दोन्ही सख्ख्या बहिणी आहेत, त्यामुळे एकीला घराबाहेर काढा असे म्हणणे मला जड जाते.

शेफील्डच्या ‘द डिझायनर्स रिपब्लिक’ने संघांची चिन्हे, वेष्टन आणि पडद्यावरील अक्षरे घडवली, तर टिम राइट यांनी ‘कोल्ड स्टोरेज’ या नावाने संगीत दिले; युरोपातल्या आवृत्तीत लेफ्टफील्ड, ऑर्बिटल आणि केमिकल ब्रदर्स यांच्याही रचना होत्या. हे सगळे अनेकदा लिहून झालेले आहे, म्हणून त्यात शिरत नाही. पण २०१२ च्या ऑगस्टमध्ये सिग्नोसिसचा हा स्टुडिओ बंद झाल्याची बातमी आली, तेव्हा ‘वाइपआउट २०४८’ येऊन जेमतेम काही महिने झाले होते, हे मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. मी तेव्हा इथे नुकतीच आले होते. ज्या शहराचे नाव मी लहानपणी खेळाच्या डब्याच्या पाठीवर वाचले होते, त्या शहरात पोहोचावे आणि त्याच वर्षी तो स्टुडिओ उरू नये, याचे दुःख अजून गेलेले नाही.

‘२०४८’विषयी एक मुद्दा इथे लागू पडतो. त्या खेळात अस्त्रांच्या पट्ट्या दोन रंगांच्या आहेत : एका रंगाच्या पट्टीवरून हल्ल्याचे अस्त्र मिळते आणि दुसऱ्या रंगाच्या पट्टीवरून बचावाचे. म्हणजे निवड अस्त्र हाती येण्याच्या आधीच, ट्रॅकवर कुठून जायचे या प्रश्नातच करावी लागते. पायवाट यांना पिट लेनमध्ये जे आवडले ते थोड्या वेगळ्या वाटेने इथे परत आले आहे, असे मला वाटते.

पायवाट

मर्सीकाठ, दोन रंगांच्या पट्ट्यांचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता आणि तो मला पटला. डोळ्यांना दिसणारी निवड हीच माझी मागणी होती. मात्र ‘२०४८’चे ट्रॅक इतके गजबजलेले आहेत, इमारती, कमानी आणि फाटे यांनी इतके भरलेले आहेत, की पट्टीचा रंग ओळखून तिच्याकडे वळेपर्यंत ती मागे गेलेली असते. सुरुवातीच्या काळातली शर्यत म्हणून शहराच्या रस्त्यांवरचे ट्रॅक दाखवणे कथेच्या दृष्टीने योग्य असेल. खेळताना मात्र मला ‘एचडी’चे मोकळे, स्वच्छ रेषेचे ट्रॅक अधिक न्याय्य वाटतात.

कातळशिल्प यांना एक विनंती आहे. ‘एचडी’मध्ये स्वतःची शर्यत मांडताना अस्त्रे बंद ठेवता येतात. एकच ट्रॅक, एकच वेगगट घेऊन दहा शर्यती अस्त्रांसह आणि दहा अस्त्रांविना खेळून पाहाव्यात, आणि काय आढळले ते येथे लिहावे.

सांजवेळ

आपल्या सर्वांच्या तुलनेत मी अगदी नवखी आहे. माझ्या बारा वर्षांच्या मुलाबरोबर पडदा विभागून खेळते, आणि अस्त्रे हवीत की नकोत या प्रश्नापर्यंत मी पोहोचलेलीच नाही, कारण माझे यान एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर आपटत असते. मुलगा पुढे निघून जातो आणि शेवटच्या रेषेपाशी माझी वाट पाहत बसतो. मला मनापासून शिकायचे आहे. सुरुवात कशी करावी?

निळावंती

सांजवेळ, सर्वांत आधी ‘पायलट असिस्ट’ चालू करावा. तो भिंतीजवळ जाणारे यान हलकेच आत ढकलतो. त्याचा आधार घेण्यात काहीच कमीपणा नाही, परंतु सवय झाल्यावर तो बंद करावा, कारण वेगवान गटांत तो तुम्हाला हव्या त्या कडेपासूनही दूर लोटू लागतो.

दुसरे म्हणजे मोटारीच्या शर्यतीची सवय विसरावी. इथे चाके नाहीत, त्यामुळे यान वळले तरी त्याची धाव काही क्षण जुन्याच दिशेने चालू राहते, आणि वळण दिसल्यावर वळायला लागलात तर उशीर झालेला असतो. डाव्या वळणाआधी डावा एअरब्रेक थोडा आधी दाबावा आणि वळणाच्या मध्यावर सोडावा; शेवटपर्यंत धरून ठेवल्यास यान आतल्या भिंतीवर जाते. उंचवट्यावरून खाली झेपावताना नाक किंचित वर ठेवावे, म्हणजे ते तळाला आपटून वेग कमी होत नाही. यान ‘फायसार’ घ्यावे. त्याचा वेग कमी असला तरी ते हाताला फार चांगले वळते. ‘व्हेनम’ या सर्वांत संथ गटात आठवडाभर एकाच ट्रॅकवर, टाइम ट्रायल प्रकारात एकटीने खेळावे आणि मग मुलाला आव्हान द्यावे.

कातळशिल्प (धागाकर्ता)

उंबरठा, आपला आक्षेप सर्वांत अवघड आहे, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो. ‘एफ-झीरो’मध्ये ऊर्जा खर्च करून वेग घेण्याची निवड आहे, हे खरेच आहे, आणि ‘वाइपआउट एचडी’मध्येही हवेत असताना यानाची गिरकी घेतली तर थोडी ऊर्जा जाऊन जमिनीवर येताना वेगाचा झटका मिळतो. पण ही निवड तुमची आणि ट्रॅकची आपसांतली असते. एकदा ट्रॅक पाठ झाला की गिरकी कुठे घ्यायची आणि बूस्ट कुठे वापरायचा याचे वेळापत्रक ठरून जाते. अस्त्र जिरवायचे की डागायचे, याचे वेळापत्रक कधीच ठरत नाही, कारण ते शेजारी कोण आहे, किती अंतरावर आहे आणि त्याच्या हातात काय असेल यावर अवलंबून असते. सात इतर याने नुसते हलते अडथळे न राहता प्रतिस्पर्धी होतात ते यामुळे.

पायवाट यांनी सुचवलेला प्रयोग केला. ‘व्हिनेटा के’ हा ट्रॅक आणि ‘फँटम’ हा सर्वांत वेगवान गट घेतला. दहा शर्यती अस्त्रांसह, दहा त्यांच्याविना.

अस्त्रांविना माझ्या फेऱ्यांच्या वेळा सुधारल्या, आणि त्या एकमेकींच्या फार जवळ आल्या. सातव्या शर्यतीत एक फेरी अशी झाली की मी कुठेही भिंतीला लागलो नाही, वेगाची एकही पट्टी चुकली नाही, आणि ती फेरी संपल्यावर माझ्या लक्षात आले की मी श्वास रोखून धरला होता. दोन महिन्यांत इतकी चांगली फेरी माझ्या हातून झालेली नाही. पायवाट यांनी ‘अल्टिमा सेव्हन’विषयी जे लिहिले ते मला त्या क्षणी नीट समजले, आणि पहिल्या लेखनात मी त्या आनंदाला कमी लेखले होते, हे मान्य करतो.

परंतु दुसरी फेरी सुरू होईपर्यंत याने पांगलेली असत, आणि त्यानंतर शर्यतीत काही घडतच नसे. पहिला क्रमांक मिळाला तर तो शेवटपर्यंत माझाच राही. चौथा असेन तर चौथाच. दहांपैकी आठ शर्यतींचा निकाल पहिल्या फेरीतच लागला होता. अस्त्रांसह खेळलेल्या दहा शर्यतींत असे फक्त तीनदा झाले. एका शर्यतीत अखेरच्या बोगद्यात शील्ड जवळजवळ संपलेले असताना मी हातातले ‘प्लाझ्मा’ जिरवले, दुसऱ्या क्रमांकावर राहिलो, आणि शेवटच्या वळणावर पुढचे यान कुणीतरी पेरलेल्या सुरुंगावर जाऊन फुटले. ते नशीब होते, हे खरे. पण त्या नशिबाचा लाभ घ्यायला मी जिवंत होतो, तो त्या निर्णयामुळे.

मर्सीकाठ

ज्यांच्याकडे प्लेस्टेशन नाही त्यांच्यासाठी : संगणकावर ‘बॅलिस्टिकएनजी’ हा खेळ आहे. जुन्या ‘वाइपआउट’च्या चाहत्यांनी तो त्याच धाटणीने केला असून २०१८ पासून तो स्टीम या ऑनलाइन दुकानात मिळतो. त्यात शर्यत आहे, अस्त्रे आहेत, झोनसारखा प्रकारही आहे, आणि स्वतःचे ट्रॅक तयार करण्याची सोयही आहे. यानांची हाताळणी पहिल्या खेळांसारखी कडक आहे, त्यामुळे पायवाट यांना तो नक्की आवडेल.

सांजवेळ

निळावंती, एअरब्रेक मध्यावर सोडण्याची सूचना फारच उपयोगी पडली. काल रात्री प्रथमच मी मुलाच्या आधी शेवटची रेषा ओलांडली. तो म्हणतो की मी त्याच्यावर क्षेपणास्त्र सोडले म्हणून जिंकले, आणि ती शर्यत धरायची नाही. मी ती धरलेली आहे.

पायवाट

कातळशिल्प, प्रयोग इतक्या निगुतीने केल्याबद्दल आभार. आठ विरुद्ध तीन हा आकडा मला विचारात पाडणारा आहे. एक शंका मात्र राहते. यान कोणते घेतले होते? ‘पिरान्हा’ किंवा ‘इकारस’ घेऊन खेळला असाल तर पहिल्या फेरीतच पुढे निघून जाणे साहजिक आहे, आणि मग याने पांगली याचा दोष अस्त्रांच्या अभावाला देता येणार नाही. तेच दहा सामने ‘फायसार’ घेऊन पुन्हा खेळून पाहाल का? मीही या शनिवारी तसेच खेळून माझे आकडे येथे मांडतो.